टाकीचे अस्तर : पाणी राखणारा पाऊण इंच



आपल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाला तोटा नाही. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते ती याच डोंगरात. तरीसुद्धा एप्रिल उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि बायामाणसांच्या डोक्यावर घागरी चढतात. जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यात पाणी मुरते तसे वाहूनही जाते. म्हणून गेल्या काही वर्षांत पुष्कळ घरांनी परसात किंवा गोठ्यामागे सिमेंटची टाकी बांधून घेतली. कोणी कौलांच्या पागोळीचे पाणी साठवतो, कोणी बोअरचे, कोणी दोन्ही.

टाकी बांधताना आपण चिरे मोजतो, सळई मोजतो, सिमेंटची पोती मोजतो. एकदा ती भरली की मात्र तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पाहतो तो ती गळू लागल्यावर, आणि तोवर मे महिना आलेला असतो. या वेळच्या पानावर टाकीच्या आतल्या अस्तराचा थोडा अभ्यास करू. अस्तर कशाने बिघडते, ते कसे तपासावे, कसे दुरुस्त करावे, आणि हे काम करताना जीव कसा सांभाळावा, हे क्रमाने पाहू.

१. पाणी कोण धरते?

पुष्कळांची समजूत अशी की टाकीची भिंत जाड असली म्हणजे पाणी राहते. भिंत पाण्याचे वजन पेलते हे खरे; परंतु पाणी अडवण्याचे काम मुख्यतः आतला गिलावा करतो. तो असतो जेमतेम पाऊण इंच. चिऱ्याच्या किंवा विटांच्या टाकीत तर सगळी भिस्त त्यावरच असते. काँक्रीटच्या टाकीतही सळईपर्यंत पाणी पोचू न देण्याचे काम हेच अस्तर करते.

ही गोष्ट नवी नाही. जेरुसलेमच्या परिसरात घरोघरी चुनखडीच्या खडकात टाक्या खोदीत आणि त्यांना आतून चुन्याचा गिलावा करीत. खडकाला भेगा असत. गिलावा निघाला की पावसाळ्यात भरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नसे. यिर्मया संदेष्ट्याने फुटक्या हौदांचा दाखला दिला, तेव्हा ऐकणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागला नसेल. आपल्या जवळचे उदाहरण पाहावयाचे तर गोव्याचा आग्वादचा किल्ला. १६१२ मध्ये पुरा झालेल्या या किल्ल्याला नावच पाण्यावरून पडले, कारण तेथे गलबते गोडे पाणी भरून घेत. त्याची प्रचंड टाकी जांभ्या दगडात आहे. जांभा स्वतः पाणी धरीत नाही, हे आपणा सर्वांना घरच्या अनुभवाने ठाऊक आहे.

२. थोडा हिशेब

दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सहा फूट खोल अशी टाकी घेऊ. तिच्यात सुमारे १३,५०० लिटर पाणी मावते. त्याचे वजन साडेतेरा टन. टाकी पूर्ण भरली असता तळाशी दर चौरस फुटावर सुमारे १७० किलो दाब असतो. एवढा दाब रात्रंदिवस प्रत्येक बारीक छिद्रावर असतो. म्हणून लहान दोष लहान राहत नाही.

आता गळतीचा हिशेब. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला सुमारे चार लिटर जातात. मार्च ते मे या तीन महिन्यांत ते जवळजवळ ४०० लिटर होतात, म्हणजे दहा लिटरच्या चाळीस घागरी. आणि याच टाकीतील पाणी गळतीने रोज फक्त एक सेंटिमीटर उतरत असेल, तर दिवसाला सुमारे ७४ लिटर जातात. नव्वद दिवसांत साडेसहा हजार लिटरांहून अधिक. अर्धी टाकी जमिनीत! एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढी उतरण. ती सहज डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच मोजावी लागते.

३. अस्तर कशाने बिघडते?

(अ) कोरडे पडल्याने. सिमेंट ओले असताना किंचित फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करून उघडी ठेवली तर अस्तर एकदम आकसते, आणि मागची भिंत तेवढी आकसत नाही. मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पुढे जूनमध्ये तापलेल्या टाकीत थंड पाणी भसकन पडले की त्याच भेगा रुंदावतात.

(आ) ऍसिडने. येथे आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागील टाकी सणापूर्वी स्वच्छ करावी असे आम्ही ठरविले. भिंतीवर पांढरा थर चढला होता. कोणीतरी सुचविले म्हणून बाथरूम धुण्याचे ऍसिड आणून भिंती घासून घेतल्या. थर निघाला, टाकी आतून नवीसारखी दिसू लागली. वर ती आठ दिवस उन्हात वाळू दिली. पावसाळ्यात टाकी भरली आणि दिवाळीनंतर पाहतो तो पाणी निम्म्यावर! गवंड्याने नखाने भिंत खरवडली तर वाळू हातात आली. तो म्हणाला, “फादर, तुम्ही घाण नाही धुतली, सिमेंट धुतलं.” ऍसिड चुन्याला खाते आणि सिमेंटमध्ये चुनाच मुख्य असतो, हे पुस्तकात वाचलेले होते, वेळेवर आठवले नाही.

(इ) खते आणि आंबलेल्या पदार्थांनी. पाण्याच्या हौदातच अमोनियम सल्फेट कालवणे, त्यातच जीवामृत आंबवणे, गुऱ्हाळाची काकवी किंवा ताक त्यात ठेवणे, ही सारी अस्तराची नासाडी आहे. अमोनियाची खते, साखर आणि आंबवणीतून तयार होणारी आम्ले सिमेंट पोखरतात. या कामांसाठी प्लॅस्टिकचे पिंप वेगळे ठेवावे.

(ई) पावसाच्या पाण्याने. हे ऐकून आश्चर्य वाटेल. पावसाचे पाणी मृदू व किंचित आम्ल असते. ते वर्षानुवर्षे अस्तरातील चुना थोडा थोडा विरघळवून नेते. म्हणून पागोळीच्या टाकीचे अस्तर कालांतराने खरखरीत होते. बोअरच्या जड पाण्याच्या टाकीत उलट प्रकार होतो, भिंतीवर क्षारांचा थर चढतो. पहिल्या प्रकारच्या टाकीला अधिक वेळा लेप लागतो हे लक्षात ठेवावे.

(उ) काटकोनी कोपऱ्यांनी. तळ आणि भिंत जेथे मिळतात तेथे दाब जास्त आणि गवंड्याची थापी पोचायला अवघड. तेथे माल गोलसर भरलेला नसेल तर पहिली भेग बहुधा तेथेच पडते.

(ऊ) नळाच्या सांध्यांनी. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाइपाला सिमेंट चिकटत नाही. गळक्या टाकीत भिंत ठोकून पाहण्याआधी पाइपाभोवती पाहावे.

(ए) मुळांनी आणि जमिनीच्या हालचालीने. पिंपळ-उंबराचे रोप टाकीच्या भेगेत दोन पानांचे असतानाच उपटावे. बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावरची टाकी दरवर्षी थोडी हलते. अशा भेगा नुसत्या सिमेंटने बुजत नाहीत, त्याविषयी पुढे सांगू.

४. तपासणी कशी करावी?

तपासणीला पैसा लागत नाही; अर्धा दिवस आणि एक वही पुरे.

पातळीची परीक्षा : बंद टाकीत संध्याकाळी खुणा केलेली काठी उभी बुडवून पातळी लिहावी. रात्रभर पाणी वापरू नये. सकाळी पुन्हा मोजावे. उघड्या हौदात उन्हाने व वाऱ्यानेही पाणी उडते. म्हणून पाण्याने भरलेली बादली, आत दगड ठेवून, हौदातच अशी ठेवावी की तिचे तोंड पाण्याबाहेर राहील. बादलीच्या आत आणि हौदाच्या भिंतीवर खूण करावी. हे तीन दिवस पाऊस नसावा आणि पाणी वापरू नये. मग दोन्हींकडची उतरण मोजावी. बादलीत उतरले तेवढे हवेत गेले. हौदात त्याहून जास्त उतरले ते गळले. टाकी नुकतीच भरली असेल तर आधी आठवडाभर थांबावे, कारण कोरडी भिंत स्वतःही पाणी पिते.

गळतीची जागा : पाणी उतरत उतरत एका उंचीवर येऊन थांबत असेल तर दोष त्याच उंचीवर आहे असे समजावे. थांबतच नसेल तर दोष तळाशी, कोपऱ्यात किंवा खालच्या नळाशी.

डोळ्यांची परीक्षा : बाहेरून ओल, शेवाळ, पांढरे ओघळ शोधावेत. पांढरे ओघळ म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेला चुना. तांबूस ओघळ दिसला तर ते अधिक गंभीर. आत सळई गंजू लागली आहे. गंजलेले लोखंड दुपटीहून अधिक जागा घेते आणि काँक्रीटला आतून फोडते.

कानांची परीक्षा : पाणी कमी असताना लाकडी दांड्याने अस्तरावर हलके ठोकत जावे. घट्ट अस्तराचा आवाज टणक येतो. भिंतीपासून सुटलेले अस्तर पोकळ, भदभद वाजते. तेवढ्या भागाभोवती कोळशाने रेघ ओढावी.

भेगेची परीक्षा : पोस्टकार्डाची कड भेगेत शिरत नसेल तर ती भेग बारीक. अशा भेगा पुष्कळदा पाण्याखाली आपोआप बुजतात, कारण सिमेंटमधला चुना बाहेर येऊन तेथे पांढरा घट्ट थर धरतो. सिमेंटच्या या गुणाचा अभियंतेही आधार घेतात. भेगेच्या दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख लिहावी आणि पुढील हंगामात पाहावे. पोस्टकार्ड शिरत असेल, किंवा भेग रेघेच्या पुढे गेली असेल, तर दुरुस्ती हवी.

५. दुरुस्ती

वेळ : बोअरवर भरणाऱ्या टाकीची दुरुस्ती कार्तिक-मार्गशीर्षात, थंड हवेत करावी. पागोळीच्या टाकीला तो अवकाश मिळत नाही. तिचे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे, म्हणजे पावसापूर्वी गिलावा पिकायला दोन आठवडे मिळतात. मात्र शेवटचे पाणी संपण्यापूर्वी निदान दोन पिंपे भरून बाजूला ठेवावीत. पुष्कळ ठिकाणी गिलावा चांगला होतो आणि मग मारायला पाणीच नसते!

जमिनीत पुरलेली टाकी भर पावसाळ्यात कधीही रिकामी करू नये. बाहेरच्या जमिनीत पाणी भरलेले असते. आत पाण्याचा दाब नसला की ते अस्तर आत ढकलून पाडते, आणि हलकी टाकी असेल तर तिला सबंध उचलूही शकते.

भेग बुजवणे : वरून सिमेंट फासून भेग बुजत नाही. छिन्नीने अर्धा इंच खोल खाच पाडावी, ती तोंडाशी अरुंद आणि आत किंचित रुंद असावी म्हणजे माल निसटत नाही. धूळ ब्रशने काढावी, खाच ओली करावी. पाणी साचलेले मात्र नसावे. सिमेंटची रबडी आत फासून ती वाळण्यापूर्वी एकास दोन प्रमाणाचा घट्टसर माल दाबून भरावा.

पोकळ अस्तर : रेघ ओढलेला भाग, आणि त्याच्या भोवतीचा चार बोटे घट्ट भागही, काढून टाकावा. गुळगुळीत पृष्ठावर टोचे पाडावेत. रात्रभर भिंत ओली ठेवावी. माल एक भाग सिमेंटला तीन भाग चाळलेली, माती नसलेली वाळू असा असावा. वाळू मुठीत घेऊन सोडल्यावर हाताला चिखल लागला तर ती धुऊन घ्यावी. वॉटरप्रूफ पावडर घालायची तर पिशवीवर लिहिलेल्या मापानेच. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. कालवलेला माल तासाभरात संपवावा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो जिवंत होत नाही.

पहिला थर चार सूत द्यावा आणि ओला असतानाच त्यावर खरखर ओढावी. दुसरा थर दुसऱ्या दिवशी तीन सूत. कोपऱ्यात वाटीच्या पाठीएवढी गोलाई द्यावी. शेवटी सिमेंटच्या रबडीने घोटून काढावे. ओल लवकर सुकावी म्हणून काही जण वरून कोरडे सिमेंट भुरभुरवतात. तसे करू देऊ नये. ती पापडी पुढे भेगाळून निघते.

पाइपाचा सांधा : प्लॅस्टिकचा पाइप भिंतीत बसवण्यापूर्वी तेवढा भाग पॉलिश कागदाने खरवडावा, त्याला पाइप चिकटवण्याचे सोल्यूशन लावून वर कोरडी वाळू टाकावी. ते वाळले की सिमेंट तेथे घट्ट धरते.

पाणी मारणे : दुरुस्तीचा अर्धा प्राण येथे आहे. गिलावा सुकून घट्ट होत नाही, पाणी घेऊन घट्ट होतो. ओली गोणपाटे भिंतीला लावून, टाकीवर झापांची सावली करून, चौदा दिवस तो ओला ठेवावा. चार दिवस पाणी मारून थांबणे म्हणजे पोसवणीच्या वेळी भाताचे पाणी तोडण्यासारखे आहे. त्यानंतर टाकी एकदम न भरता दिवसाला एक तृतीयांश अशी भरावी. पहिले पाणी चुनखट असते, ते पिऊ नये. काढून टाकून टाकी दोनदा धुवावी. पागोळीच्या टाकीत भरणे आपल्या हाती नसते. तेथे पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे आणि पुढे पाइप थोडा थोडा वेळ टाकीत लावावा.

हलणारी भेग : जी भेग दरवर्षी उघडते तिला घट्ट मालाचा उपयोग नाही. तेथे लवचीक लेप हवा. सिमेंट आणि पॉलिमरचे द्रव असे दोन भाग मिसळून ब्रशने लावण्याचे लेप आज मिळतात. एक हात आडवा, दुसरा उभा द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा लेप आहे असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असेल तोच घ्यावा. डांबर पिण्याच्या टाकीत आतून कधीही लावू नये. त्यातील द्रव्ये पाण्यात उतरतात आणि ती आरोग्यास घातक आहेत. शेतीच्या जुन्या हौदाला शेततळ्याचा जाड प्लॅस्टिक कागद आतून बसवता येतो. शेततळ्यांना साधारणतः ५०० मायक्रॉनचा वापरतात. आधी टोकदार खडे काढावेत, कडा गोल कराव्यात, आणि कागदावर गुरे व काठ्या जाऊ देऊ नयेत.

६. टाकीत उतरण्यापूर्वी

वाचकहो, हा भाग घरातील प्रत्येकाला वाचून दाखवावा. गळकी टाकी पुन्हा बांधता येते. बंद टाकीत गुदमरून गेलेला माणूस परत येत नाही.

बंद टाकीतील हवा बाहेरच्या हवेसारखी नसते. तळाचा गाळ कुजताना, लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू संपतो. नव्या टाकीत सेंटरिंगच्या ओल्या फळ्या दिवसेंदिवस बंद राहिल्या की तेच होते. फळ्या काढायला उतरलेले कामगार गुदमरल्याच्या बातम्या आपल्या देशात वरचेवर वाचावयास मिळतात. अशी हवा वासाने ओळखता येत नाही. एक-दोन श्वासांतच शुद्ध जाते. मग वरचा माणूस, भाऊ असो की मुलगा, त्याला काढायला उडी घेतो आणि तोही तेथेच पडतो. एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन जीव जातात ते असे.

म्हणून :

- झाकण आदल्या दिवशीच उघडून ठेवावे. एकच तोंड असेल तर पंख्याने वारा आत सोडावा. पंखा बाहेर राहील, विजेची वायर ओल्या टाकीत जाणार नाही असे पाहावे.
- एकट्याने उतरू नये. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधावा, दोराचे टोक वर दोन धडधाकट माणसांच्या हाती असावे.
- डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीत किंवा तोंडाजवळ चालवू नये. त्याचा धूर विषारी आहे.
- कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत भरवशाची नाही. ज्योत जळत राहिली तरी विषारी वायू असू शकतो. आणि रंगाच्या किंवा लेपाच्या वाफा असतील तर भडका उडतो.
- आतला माणूस पडला तर उतरू नये. दोराने ओढावा, वारा सोडावा, आणि ताबडतोब ११२ क्रमांकावर फोन करावा.

मजुराला पैसे दिले म्हणजे त्याच्या जिवाची जबाबदारी संपली असे नाही. टाकी आपली, तर दोरही आपणच द्यावयाचा.

७. धुणे आणि पाणी शुद्ध राखणे

खरखरीत, पोपडे सुटलेल्या अस्तरात शेवाळ, गाळ आणि डासांची अंडी घर करतात. गुळगुळीत अस्तर धुवायलाही सोपे. डेंगी व चिकुनगुन्या पसरवणारा डास घाणेरड्या गटारात वाढत नाही, आपल्या स्वच्छ टाकीतच वाढतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी असतानाही महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून लहान हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून भिंती घासाव्यात आणि लगेच पुन्हा भरावेत. मोठ्या टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी लावावी.

मोठी टाकी वर्षातून एकदा धुवावी. नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश आणि ऍसिड नको. मग दहा लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ते भिंतींना लावावे, बाहेर येऊन अर्धा तास थांबावे आणि धुऊन टाकावे. या वेळी झाकण उघडे, वारा खेळता आणि नाकातोंडावर कापड हवे. ब्लीचिंग पावडर आणि ऍसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत तो जीव घेऊ शकतो.

पिण्याच्या पाण्यासाठी दर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. आपल्या उदाहरणातील भरलेल्या टाकीला सुमारे ३४ ग्रॅम. दुकानात एकदा वजन करून घेऊन एखाद्या लहान डबीवर खूण करून ठेवावी. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे. एक तासानंतर पाणी वापरावे. उघड्या पडलेल्या जुन्या पावडरीची ताकद गेलेली असते.

८. वर्षाचे वेळापत्रक

मेचा पहिला पंधरवडा : पागोळीच्या टाकीची दुरुस्ती, कौले व पन्हळ साफ करणे.
जून : पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडणे, मग हळूहळू टाकी भरणे.
श्रावण-भाद्रपद : ओव्हरफ्लो व जाळी पाहणे, भेगांतील रोपे उपटणे.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : टाकी भरलेली असताना पातळीची परीक्षा, बाहेरून ओलीची तपासणी, वहीत नोंद. बोअरच्या टाकीची दुरुस्ती.
मार्च-एप्रिल : रोज वापर असतानाही तळाशी वीतभर पाणी राखणे. टाकी रिकामी झालीच तर झाकण लावून ओली गोणपाटे आत टाकणे. काहीही झाले तरी अस्तर उन्हात वाळू देऊ नये.

आमच्या घरामागील टाकीचे अस्तर नंतर संपूर्ण काढून नव्याने करावे लागले. दोन बाटल्या ऍसिडच्या स्वच्छतेची किंमत एका सबंध उन्हाळ्याचे पाणी झाली, आणि ते पाणी शेजारच्या घरांनी आपल्या वाट्यातून आम्हांला दिले. आता टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखा लिहिलेल्या असतात : केव्हा धुतली, केव्हा मोजली, किती उतरली. आपणही तसे करावे. पुढे टाकी मुलांच्या हाती जाईल तेव्हा ही नोंद त्यांना उपयोगी पडेल.

उजळणी : घरी बसून उत्तरे द्या

१. टाकीत पाणी धरण्याचे मुख्य काम कोण करते?
२. उघड्या हौदातील गळती आणि वाफ यांतील फरक बादलीने कसा कळतो?
३. पुरलेली टाकी पावसाळ्यात का रिकामी करू नये?
४. आतला माणूस बेशुद्ध पडला तर वरच्याने पहिली गोष्ट कोणती करावी, आणि कोणती मुळीच करू नये?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातील लहान मुलांनाही आले पाहिजे.